अ‍ॅलर्जी शॉट्स, इन्शुरन्स आणि न कळणारं बिल

तगर
नमस्कार मंडळी,
अटलांटाला आल्यावर पहिली काही वर्षं मजेत गेली. नंतर मार्च लागला की डोळे लाल, नाक चोंदलेलं आणि रात्रभर शिंका असं सुरू झालं. यंदा अ‍ॅलर्जिस्टकडे स्किन टेस्ट केली. ओक, बर्च, बर्म्युडा गवत, घरातल्या धुळीतले माइट्स, सगळ्यांनी हातावर गांधी उठवल्या. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या आणि स्प्रे घेऊनही एवढा त्रास होत असेल तर शॉट्स (ज्याची अ‍ॅलर्जी त्याच्याच अर्काची इंजेक्शनं) सुरू करू, तीन ते पाच वर्षं लागतील.

इथवर कळलं. मग काउंटरवर एक कागद मिळाला. त्यावर ९५१६५ असा कोड आणि पुढे भलीमोठी संख्या. मग ९५११७, त्याच्यापुढे वेगळी संख्या. तळाला एक ओळ : विमा कंपनीकडून खात्री करून घेणं ही रुग्णाची जबाबदारी. विमा कंपनीला फोन केला तर पलीकडून उत्तर, 'वैद्यकीय गरज असेल तर कव्हर आहे.' ती गरज कोण ठरवणार, हे विचारल्यावर बराच वेळ नुसतं संगीत.

कोणी शॉट्स घेतलेत का? विमा कंपनी नक्की कशाला हो म्हणते आणि कशाला नाही? आणि एक भाबडा प्रश्न : हेच पुण्यात जाऊन स्वस्तात करून बाटल्या इकडे आणता येतील का?

हरभऱ्याचं_झाड
धाग्याचं नाव अर्धंच वाचलं आणि शुक्रवार संध्याकाळच्या शॉट्सबद्दल असेल म्हणून धावत आलो. तेही इन्शुरन्समधून मिळणार म्हणून जास्तच जोरात.

ऑस्टिनकर
तगर, तुमचं मार्चमध्ये सुरू होतं, आमच्याकडे ऐन डिसेंबर-जानेवारीत माउंटन सीडर नावाचं झाड. थंडीत झाडांतून पिवळसर धूर निघाल्यासारखा पराग उडतो आणि अख्खं गाव शिंकतं.

मी शॉट्स घेतले, पूर्ण केले. गुण आला. पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला दर वेळी स्पेशालिस्टचा कोपे (प्रत्येक भेटीला रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम) कापत होते, म्हणजे नर्सने दोन मिनिटांत टोचलं तरी डॉक्टरला भेटल्याचे पैसे. बिल्ड-अपमध्ये, म्हणजे मात्रा वाढवत नेतात त्या सुरुवातीच्या काळात, आठवड्यातून एक-दोनदा जावं लागतं, तेव्हा हा कोपे फार लागतो. माझ्याच ऑफिसातल्या एका मुलीकडे दुसऱ्या प्लॅनचं कार्ड होतं, तिला नुसत्या इंजेक्शनच्या भेटीला शून्य कोपे. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : डॉक्टर न भेटता फक्त इंजेक्शन घेतलं तर कोपे लागतो का?

सडेतोड
मला हे सगळं थोतांड वाटतं. पाच वर्षं दर महिन्याला टोचून घ्यायचं, त्यात पाच वर्षांनी माणूस राहतं घर बदलतो, नोकरी बदलतो. कॉस्कोमधून वर्षभराची सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीची बाटली आणि नाकातला स्प्रे घ्या, मार्चमध्ये खिडक्या बंद ठेवा. अ‍ॅलर्जिस्ट लोकांचं कायमचं गिऱ्हाईक होण्यात अर्थ नाही.

आजीचा_बटवा
जलनेती करा. सकाळी कोमट पाणी, चिमूटभर मीठ. माझी पस्तीस वर्षांची सर्दी गेली.

काडेचिराईत
जलनेतीला माझा विरोध नाही, उलट मी रुग्णांना सांगतो. फक्त अमेरिकेत नळाचं पाणी थेट वापरू नका. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जाण्याच्या घटना क्वचित घडतात, पण त्या जिवावर बेततात.

सडेतोड, तुमचं निम्मं पटतं. ज्याचं गोळ्या-स्प्रेवर भागतं त्याने शॉट्सच्या फंदात पडू नये. विमा कंपन्यांच्या नियमांतही हेच लिहिलेलं असतं. शॉट्स मंजूर करताना त्या साधारण या गोष्टी बघतात : अ‍ॅलर्जी आयजीई (शरीरात अ‍ॅलर्जी घडवणारी अँटिबॉडी) प्रकारची आहे हे स्किन टेस्टने किंवा रक्तातल्या स्पेसिफिक आयजीईने सिद्ध झालंय का, जो पदार्थ पॉझिटिव्ह आला त्याच्या मोसमातच त्रास होतो का, टाळणं आणि औषधं करून झालीत का, आणि त्याची नोंद फाइलमध्ये आहे का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रुग्णाने तीन वर्षं फ्लुटिकासोनचा स्प्रे नाकात मारला असेल, पण दुकानातून स्वतः आणल्यामुळे डॉक्टरच्या कागदावर त्याचा उल्लेखच नसेल, तर कंपनीच्या लेखी ते घडलेलं नाही.

पण 'थोतांड' नाही म्हणता येणार. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लेनर्ड नूनने गवताच्या परागाचा अर्क टोचून पाहिला, ते १९११ साली. तेव्हापासून या उपचाराची चिरफाड चालू आहे आणि नाकाची अ‍ॅलर्जी, अ‍ॅलर्जिक दमा आणि मधमाशी-गांधीलमाशीचा दंश यांत तो टिकून आहे. गोळी त्या दिवसापुरती लक्षणं दाबते. शॉट्सचा परिणाम थांबवल्यानंतरही बरीच वर्षं राहू शकतो, म्हणून तर तीन ते पाच वर्षं.

तगर
काडेचिराईत, धन्यवाद. मी स्प्रे दुकानातूनच आणत होते. आता डॉक्टरांना सांगून फाइलमध्ये लिहून घेते.

खतावणी
ह्या धाग्यावर मला यायलाच हवं होतं. मी न्यू जर्सीत एका अ‍ॅलर्जी प्रॅक्टिसमध्ये बिलिंग बघते. तगर, तुमच्या हातातला कागद मी रोज छापते, त्यामुळे तो वाचून दाखवते.

शॉट्सचं बिल दोन भागांत असतं. शिंप्याकडे कापडाचे वेगळे आणि शिलाईचे वेगळे, तसं. ९५१६५ म्हणजे कापड : तुमच्या टेस्टप्रमाणे अर्क मिसळून बाटली तयार करणं, आणि ते मोजतात 'डोस'मध्ये. ९५११५ आणि ९५११७ म्हणजे शिलाई : टोचणं. एकच इंजेक्शन असेल तर ९५११५, दोन किंवा जास्त असतील तर ९५११७. दोन टोचा की चार टोचा, ९५११७ त्या दिवशी एकदाच लागतो. दोन्ही कोड एकाच दिवशी लावले तर विमा कंपनीचा कॉम्प्युटर एक फेकून देतो.

सगळे टोचण्याच्या पैशांची काळजी करतात. पैसा असतो बाटलीत. बाटली बनवली की तिचे सगळे डोस एकदम बिल होतात, तुम्ही पहिलं इंजेक्शन घेण्याच्याही आधी. एका डोसची मंजूर रक्कम किरकोळ दिसते, पण चार-पाच बाटल्यांचे डोस एकाच दिवशी लागले आणि तुमचा डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) अजून भरला नसेल तर घरी येणारं पाकीट जाड असतं.

आता 'डोस' म्हणजे काय, इथे खरी मारामारी. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वरच्यांचा सरकारी विमा, त्याची व्याख्या स्पष्ट आहे : अनेक डोसांच्या बाटलीतला १ मिली म्हणजे एक डोस, आणि १० मिलीच्या बाटलीचे जास्तीत जास्त १० डोस. प्रत्यक्षात अर्धा मिलीच टोचला आणि त्या बाटलीतून वीस इंजेक्शनं निघाली तरी बिल दहाचंच. त्याच बाटलीतून पातळ करून बनवलेल्या बाटल्यांचे वेगळे पैसे मेडिकेअर देत नाही. खासगी कंपन्यांत मात्र काही मेडिकेअरची व्याख्या मानतात, काही प्रत्यक्ष किती इंजेक्शनं निघणार त्यावरून मोजू देतात आणि वर वर्षाची कमाल मर्यादा घालतात. तुमच्या कागदावरची संख्या मोठी दिसतेय ती याच कारणाने असू शकते.

तेव्हा कंपनीला पुन्हा फोन कराल तेव्हा 'शॉट्स कव्हर आहेत का' असं विचारू नका. विचारा : ९५१६५ चे वर्षाला किती युनिट्स चालतात, एका तारखेला किती चालतात, प्री-ऑथोरायझेशन (आधी मंजुरी) लागतं का, ते डिडक्टिबलमध्ये जातं की कोपेमध्ये. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

हरभऱ्याचं_झाड
खतावणीताई, आयडी सार्थ केलात.

ओवा
प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखा प्रतिसाद. माझ्या ईओबीवर (विमा कंपनीचा हिशेबाचा कागद) त्याच दिवशी ९९२१३, म्हणजे डॉक्टरच्या भेटीचा कोड, पण होता. डॉक्टरांनी फक्त दारातून 'कशी आहेस' विचारलं होतं. हे बरोबर आहे का?

खतावणी
ओवा, दारातून चौकशी केली म्हणून भेट लागत नाही. इंजेक्शनच्या दिवशी भेटीचं बिल लावायचं तर वेगळं, स्वतंत्र काम झालेलं हवं : दम्याचं औषध बदललं, नवीन तक्रार तपासली, मागच्या इंजेक्शनला आलेल्या प्रतिक्रियेवरून वेळापत्रक बदललं वगैरे. मग भेटीच्या कोडला २५ नंबरचा मॉडिफायर (जादा खूण) लावतात आणि त्या भेटीची स्वतंत्र नोंद लागते. तुम्ही व्हिजिट नोट मागवा, तो तुमचा हक्क आहे. त्यात काही नसेल तर ऑफिसला सांगून बिल दुरुस्त करून घ्या. भांडण न करता, शांतपणे. बऱ्याचदा टेम्प्लेटमधून आपोआप लागलेलं असतं.

वेडा_राघू
माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या गावात अ‍ॅलर्जिस्ट नाही, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात एका कंपनीचा माणूस येऊन टेस्ट करून गेला आणि बाटल्या घरी आल्या. स्वतः टोचायचं म्हणे. सोयीचं होतं. पण विमा कंपनीने सगळं नाकारलं. अपील करू का?

काडेचिराईत
अपीलचं खतावणी सांगतील. मी वैद्यकीय बाजू सांगतो, कृपया गंभीरपणे घ्या.

शॉटमध्ये तुम्हाला ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच शरीरात घालतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसची (अंगभर पसरणारी, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया) शक्यता कमी, पण असते, आणि झाला तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून इंजेक्शननंतर ३० मिनिटं दवाखान्यात बसवून ठेवतात. अमेरिकेत अर्काच्या बाटलीसोबतच्या माहितीपत्रकावर चौकटीत तसा इशारा छापलेला असतो. दमा आटोक्यात नसेल तर त्या दिवशी इंजेक्शन देत नाहीत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर आधी सांगा, कारण मग अशा वेळी जीव वाचवणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनला शरीर नीट दाद देत नाही.

अर्धा तास फोन बघत बसायचा कंटाळा येतो हे मान्य. पण स्वयंपाकघरात एकट्याने टोचून घेऊन घसा सुजला तर ९११ लावायला बोलता तर आलं पाहिजे.

धुकट
इंग्लंडमधून. तुम्ही अर्ध्या तासाला कंटाळता? इथे एक तास बसवतात. १९८६ मध्ये इथल्या औषध सुरक्षा समितीने आधीच्या काही दशकांतले २६ मृत्यू मोजले आणि दोन तास थांबायचा नियम केला. फॅमिली डॉक्टरांनी हे देणंच जवळपास बंद केलं. नंतर दोनाचा एक तास झाला. आता एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) ठरावीक हॉस्पिटलांच्या क्लिनिकमध्ये आणि फार त्रास असलेल्यांनाच मिळतं. बिल येत नाही, पण नंबरही लवकर येत नाही. काय हवं ते निवडा.

खतावणी
वेडा_राघू, अनेक खासगी कंपन्यांच्या नियमावलीत घरी स्वतः टोचण्याला कव्हर नसतं आणि अर्क बनवणाऱ्या डॉक्टरने रुग्ण तपासलेला असला पाहिजे अशी अट असते. मेडिकेअरमध्ये तर हे कायद्याने आलेलं आहे : बाटली बनवणारा डॉक्टर रुग्णाला तपासून, उपचाराची आखणी आणि डोस ठरवून मगच बनवणार, आणि एका वेळी बारा महिन्यांपेक्षा जास्त पुरेल एवढा साठा नाही. बनवणारा एक आणि टोचणारा दुसरा, हे चालतं. म्हणजे शहरातल्या अ‍ॅलर्जिस्टने तपासून बाटली बनवायची आणि इंजेक्शनं गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात घ्यायची. तुमच्यासाठी मी हा मार्ग सुचवेन.

अपील करायचंच तर नकाराचं पत्र नीट वाचा. 'वैद्यकीय गरज नाही' असं कारण असेल तर डॉक्टरांच्या पत्राने काम होऊ शकतं. 'हा लाभ पॉलिसीतच नाही' असं असेल तर सहसा नाही. नकार मिळाल्यापासून अंतर्गत अपीलसाठी १८० दिवस असतात. तिथेही नाही म्हणाले आणि प्रश्न वैद्यकीय निर्णयाचा असेल तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीसाठी चार महिन्यांत अर्ज करता येतो, आणि तो निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. फार थोडे लोक तिथवर जातात.

सडेतोड
बघा, मी म्हणत होतो ना. एका शिंकेसाठी अपील, बाह्य तपासणी, रेफरन्स नंबर. सेटिरिझिन झिंदाबाद.

ऑस्टिनकर
सडेतोड, जानेवारीत ऑस्टिनला या. विमानतळावर घ्यायला येतो, खिडक्या उघड्या ठेवून.

ओवा
जिभेखाली ठेवायचे थेंब मिळतात ना? सुई नको, अर्धा तास नको. आमच्या ओळखीतले घेतात.

काडेचिराईत
थेंब आणि गोळ्या यांत फरक आहे. जिभेखालच्या गोळ्यांना एफडीए या अमेरिकी औषध नियामकाची मान्यता आहे : गवत आणि रॅगवीड या तणासाठी २०१४ पासून, डस्ट माइट्ससाठी २०१७ पासून. पहिली गोळी डॉक्टरसमोर घ्यायची, नंतर रोज घरी. ज्याला एकाच गोष्टीचा मुख्य त्रास आहे त्याला उत्तम. तगर यांच्यासारखं ओक, बर्च, गवत, माइट्स असं संमेलन असेल तर एका गोळीत बसत नाही, ओकची तर गोळीच नाही.

थेंबांना अमेरिकेत एफडीएची मान्यता नाही. इंजेक्शनसाठीचाच अर्क डॉक्टर तोंडावाटे वापरतात.

खतावणी
आणि म्हणून थेंबांचे पैसे बहुतेक कंपन्या देत नाहीत. मेडिकेअरने जिभेखालचे अर्क १९९६ पासूनच यादीबाहेर ठेवलेत. थेंबांसाठी ९५१६५ लावून बिल पाठवणं हा चुकीचा प्रकार आहे. कुठलं ऑफिस 'आम्ही जमवतो' म्हणालं तर तिथून निघा. मान्यताप्राप्त गोळ्या मेडिकल नाही, फार्मसी बेनिफिटमधून जातात. त्यांची यादी, टियर (औषधाची किंमत-पायरी), प्री-ऑथ सगळं वेगळं. फोन करताना दुसरा नंबर लावावा लागेल.

पर्वतीपायथा
पुण्याहून. तगर, तुमच्या भाबड्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून लिहितो.

बाटल्या नेऊ नका. इकडचा अर्क इकडच्या परागांचा. तुमच्या ओकवर आमच्या बाभळीचा अर्क काय करणार? प्रवासातलं तापमान, कस्टम्स, आणि तिकडचा कुठला डॉक्टर अनोळखी बाटली टोचायला तयार होईल, हे प्रश्न वेगळेच.

आणि 'स्वस्तात' म्हणताय ते रोख पैशांत. आमच्या विम्याची गंमत ऐका. नेहमीची आरोग्य पॉलिसी २४ तास भरती किंवा डे-केअर प्रक्रियेला पैसे देते. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन म्हणजे ओपीडी, त्यामुळे बाहेर. नुसती टेस्ट करायला भरती झालात तर ते वगळण्याच्या यादीतलं चौथं कलम, 'एक्सक्ल ०४', केवळ तपासणीसाठीची भरती. शॉट्सचं वैद्यकीय नाव इम्युनोथेरपी. मला एका एजंटने छातीठोक सांगितलं, 'साहेब, इम्युनोथेरपी कव्हर आहे, आयआरडीएआयच्या यादीतच आहे.' विमा नियामक आयआरडीएआयची ती यादी मागवली. आधुनिक उपचारांच्या त्या यादीत इम्युनोथेरपी आहे खरी, पण ती मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं. परागाच्या शॉटशी संबंध नाही. ओपीडीचा रायडर (पॉलिसीची पुरवणी) घेतला तर थोडेफार निघतात, पण त्याची वर्षाची मर्यादा आणि त्याचा हप्ता शेजारी मांडून बघा, मग ठरवा.

आजीचा_बटवा
पर्वतीपायथा, पुण्यात गाजर गवताची अ‍ॅलर्जी भयंकर. आमच्या वडिलांच्या मानेवर, पापण्यांवर चट्टे उठायचे. त्याचे शॉट्स मिळतात का?

पर्वतीपायथा
आमच्या पुण्याचीच देणगी ती. पन्नासच्या दशकात अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते बी आलं आणि देशात त्याची पहिली नोंद पुण्यातली, असं सांगतात. शॉट्सचं डॉक्टर सांगतील.

काडेचिराईत
गाजर गवताने दोन वेगळे आजार होतात. नाक वाहणं, शिंका, दमा हा आयजीई प्रकार. तुमच्या वडिलांचे चट्टे म्हणजे हवेतून उडणाऱ्या कणांमुळे होणारा संपर्कजन्य त्वचारोग. त्यात पेशींची प्रतिक्रिया असते, आयजीईची नाही. त्याची तपासणी पॅच टेस्टने, आणि नेहमीचे शॉट्स त्यावर उपाय नाहीत. अमेरिकेतल्या विमा कंपन्याही याच रेषेवर थांबतात : आयजीई नाही तर मंजुरी नाही. शेंगदाणा, दूध अशा खाण्याच्या अ‍ॅलर्जीलाही शॉट्स देत नाहीत, धोका जास्त म्हणून. २०२४ मध्ये एफडीएने ओमालिझुमॅबला खाद्य-अ‍ॅलर्जीसाठी मान्यता दिली, पण ते वेगळं औषध, वेगळा खर्च.

हरभऱ्याचं_झाड
गहू खाल्ला आपण, शिंका दिल्या त्यांनी. पीएल-४८० च्या अमेरिकी गव्हाची थकबाकी अजून फिटतेय.

वेडा_राघू
अवांतर : आईबाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, वसंतातच. आईला दमा आहे. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसेल का?

खतावणी
आधीपासूनचा आजार म्हणून जवळपास नक्की बाहेर. काही योजनांत आधीचा आजार अचानक बळावला तर मर्यादित पैसे मिळतात, पण त्यात शॉट्ससारखे चालू उपचार येत नाहीत. आणि सहा महिन्यांसाठी शॉट्स सुरूच करू नका. भारतातून पुरेसे इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगा.

ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डवर आहेत त्यांच्यासाठी : ६५ पूर्ण आणि इथे सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. त्याच्या पार्ट बीमध्ये (दवाखान्यातल्या उपचारांचा भाग) डिडक्टिबलनंतर मंजूर रकमेच्या ८० टक्के ते देतात, २० टक्के तुमचे.

तगर
मंडळी, आधी आभार. खतावणींनी सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून पुन्हा फोन केला. या वेळी आवाज एकदम बदलला. कोड म्हटल्यावर बाई खरंच स्क्रीन बघायला लागल्या.

उत्तरं अशी. प्री-ऑथ लागत नाही, पण नोंदी कधीही मागवू शकतात. इंजेक्शनच्या भेटीला कोपे नाही. बाटलीचा खर्च डिडक्टिबलमध्ये. ९५१६५ ला वर्षाची मर्यादा आहे, आणि माझ्या कागदावरचा आकडा त्या मर्यादेच्या वर जातो! ऑफिसला विचारलं तर म्हणाले, 'आम्ही सगळ्यांना असाच कागद देतो, नंतर कमी होतं.' नंतर कमी नाही झालं तर ते पैसे कोणी द्यायचे?

खतावणी
हा प्रश्न आधी विचारलात हे उत्तम.

डॉक्टर नेटवर्कमध्ये असतील तर त्यांनी कंपनीशी करार केलेला असतो. मर्यादेवरचे युनिट्स नाकारले तर ते डॉक्टरने सोडून द्यायचे की तुमच्याकडून घ्यायचे, हे त्या करारावर आणि नकाराच्या कारणावर ठरतं. ईओबीवर 'रुग्णाची जबाबदारी' असा रकाना असतो. तिथे शून्य असेल आणि तरी ऑफिसने बिल पाठवलं तर भरू नका, ईओबी दाखवा. मात्र सुरुवातीला एखादा फॉर्म सही करून घेतात : 'विमा कंपनीने नाकारलेले पैसे मी देईन.' तो वाचल्याशिवाय सही नको.

ऑफिसला लेखी विचारा, एवढे डोस कसे मोजलेत. किती बाटल्या, प्रत्येकी किती मिली, एका इंजेक्शनला किती मिली. माइट्स आणि पराग वेगळ्या बाटलीत ठेवणार असतील तर बाटल्या वाढतात, त्याला वैद्यकीय कारण असू शकतं. पण पातळ बाटल्या धरून आकडा फुगवला असेल तर तो इथेच कळेल. वर्षभराच्या सगळ्या बाटल्या एकदम करू नका म्हणावं. आधी बिल्ड-अपच्या करा, झेपलं तर मेंटेनन्सच्या (नंतरच्या कायम मात्रेच्या).

अजून एक. तुमचं प्लॅन-वर्ष जानेवारीत सुरू होतं का? यंदा डिडक्टिबल आधीच भरला असेल तर मेंटेनन्सची बाटली डिसेंबरमध्ये बनवून घ्या, जानेवारीत नको. एचएसए किंवा एफएसए या करमुक्त आरोग्य-खात्यांतले पैसे या सगळ्याला चालतात.

ऑस्टिनकर
यात भर. मधे नोकरी बदलली आणि नवीन कंपनीने सगळ्या नोंदी पुन्हा मागितल्या. स्किन टेस्टचा रिपोर्ट, इंजेक्शनांची तारीखवार नोंद आणि बाटलीवरचं लेबल, तिन्हींचे फोटो स्वतःकडे ठेवा. जुन्या ऑफिसकडून कागद मिळवण्यापेक्षा पराग पकडणं सोपं.

सडेतोड
ठीक आहे, हिशेब पटला. तरी विचारतो : पाच वर्षं टोचून गुण नाहीच आला तर? पैसे परत?

काडेचिराईत
पैसे परत नाहीत, पण पाच वर्षं वाट बघायचीही नाही. मेंटेनन्स डोसवर पोचल्यानंतर वर्षभरात काहीच फरक नसेल तर थांबून कारण शोधायचं, असा संकेत आहे. विमा कंपन्याही ठरावीक काळाने सुधारणेची नोंद मागतात. लक्षणं कमी झाली का, औषधं किती कमी झाली, दोन्ही लिहायचं. सडेतोड, तुमच्या सेटिरिझिनच्या बाटलीला असा हिशेब कोणी विचारत नाही, हा तिचा मोठेपणा.

ओवा
काडेचिराईत, अटलांटात गाड्या पिवळ्या होतात त्या पाइनच्या परागाने ना? तगरच्या टेस्टमध्ये पाइन दिसत नाही.

काडेचिराईत
पाइनचा पराग मोठा, जड, मेणचट. डोळ्यांना दिसतो म्हणून शिव्या त्याला बसतात, अ‍ॅलर्जी क्वचित होते. त्याच दिवसांत ओक आणि बर्चचा बारीक पराग उडत असतो, तो दिसत नाही. तगर यांचा रिपोर्ट बरोबर वाटतो.

हरभऱ्याचं_झाड
शेवटचा प्रश्न, मग जातो. आमच्या कुत्र्याला खाज सुटते म्हणून डॉक्टरांनी त्याला शॉट्स सुचवलेत. त्याच्या पेट इन्शुरन्सने पहिल्या फोनला हो म्हटलं. माझ्या सायनसला माझी कंपनी अजून 'तपासत' आहे.

खतावणी
त्याच्या कार्डावर तुमचं नाव घालून बघा.

तगर, ऑफिसकडून डोसांचा हिशेब लेखी आला की इथे टाका, नाव-पत्ता आणि मेंबर नंबर खोडून. मी बघते.

तगर
आजच आला. तीन बाटल्या होत्या, दोन पातळ बाटल्या वेगळ्या धरलेल्या. त्या काढायला लावल्यावर आकडा मर्यादेच्या आत बसला. सुधारलेला कागद, सही न करता, नाव-नंबर खोडून रात्री इथे टाकते.